तिवराच्या पानावरचं मीठ

आमच्या गावात पाण्याला दोनच नावं होती, खारं आणि गोडं. गोडं पाणी पाहुण्यांसाठी असतं, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. भातकुलीच्या पुढे पूर्णेच्या खोऱ्यात काळी, सपाट जमीन लागते, तिला खारपाणपट्टा म्हणतात. तिथे कुठेही भोक पाडा, पाणी लागतं आणि ते खारट निघतं. समुद्राइतकं खारट नाही. पहिल्या घोटाला जिभेला काही कळत नाही, मग घशात साबणासारखी एक कडवट चव मागे राहते. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, अंगाला लावलेल्या साबणाला फेस येत नाही, आणि चहात दूध टाकलं की कधी कधी ते फाटतं. माझे बाबा गवंडीकाम करायचे. या पाण्यानं कालवलेल्या सिमेंटची भिंत खालून फुगते आणि तिला पांढरा खार फुटतो, असं ते सांगत. आमच्या स्वतःच्या घराच्या भिंतीही जमिनीपासून हातभर तशाच फुटलेल्या होत्या. लहानपणी मी तो भुगा बोटानं खरवडायची आणि आई ओरडायची, कारण खरवडलं की तिला पुन्हा झाडावं लागे.

घरात दोन माठ होते. मोठा ओसरीत, खाऱ्या पाण्याचा, आमच्यासाठी. लहान आत, चुलीपासून दूर, गोड्या पाण्याचा. कोणीही दारात आलं, मग तो बाबांचा पगार थकवणारा ठेकेदार का असेना, आई लहान माठातून पेला भरून आणायची. "खारं देल्लं पाव्हन्याले, त मंग तो पाव्हना कायचा?" असं ती म्हणे. आम्हा दोघी बहिणींना त्या माठाला हात लावायची बंदी होती. ताप आला तर मात्र त्यातलं पाणी मिळायचं. म्हणून मला लहानपणी ताप आवडायचा, हे आज लिहिताना थोडं विचित्र वाटतं.

ते गोडं पाणी नाल्याकाठच्या एका शेतातल्या विहिरीचं. शेत गावातल्या मोठ्या घराचं होतं. आमच्या वस्तीला तिथे मनाई नव्हती, हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे अमरावतीला शिकताना कोणी विचारलं की मला तसंच सांगावं लागे. मनाई नव्हती. फक्त त्यांच्या घरच्या बाया येऊन भरून गेल्या की मग आपण भरायचं, आणि त्या कधी येतील ते ठरलेलं नसायचं. आई तिथे घागर घेऊन उभी राहायची. पुढे पुढे तिनं जाणं कमी केलं. "पानी भेटते, पन उभं राहा लागते," एवढंच ती बोलली. नळाची योजना आली तेव्हा वस्तीत पाइप पुरले गेले, तोट्या बसल्या, आणि बऱ्याच तोट्यांतून नुसती हवा यायची. ती हवा बाहेर पडताना शिट्टी वाजे आणि शेजारच्या शेवंतामावशी म्हणत, "आली वं बाई गाडी, पन टेसनावर थांबून नाई राहिली."

बारावीनंतर मी अमरावतीला मुलींच्या वसतिगृहात राहून बी.एस्सी.ला गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे काय विचारावं आणि कोणाला, हे मला कळत नसे. मी वर्गात मागून दुसऱ्या बाकावर बसायची. तिथलं पाणी मला पहिले काही दिवस पाणी वाटतच नव्हतं. इतकं फिकं, की प्यायलं तरी तहान गेल्यासारखी वाटेना. एकदा मी कोणी बघत नाही असं पाहून पेल्यात चिमूटभर मीठ टाकून प्यायले. खोलीतल्या मुलीनं पाहिलंच. तिनं ते सगळ्या मजल्यावर सांगितलं आणि वर्षभर माझं नाव 'खारे शेंगदाणे' पडलं होतं. मी हसायची. काय करणार?

मी तिसऱ्या वर्षाला गेले त्या उन्हाळ्यात आईचे पाय सुजायला लागले. आधी संध्याकाळी, मग सकाळीही. डोळ्यांखाली पिशव्या दिसायच्या. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मूत्रपिंडं अर्ध्याहून जास्त कामातून गेल्याचं सांगितलं. बाबांनी विचारलं, पाण्यानंच झालं का? डॉक्टर म्हणाले, तसं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, पण तुमच्या पट्ट्यातले फार पेशंट येतात. खारं पाणी बंद, एकदम बंद, मग जे उरलंय ते काही वर्षं तरी टिकेल. आई तेव्हा बाकावर बसून स्वतःच्या पायाचा अंगठा दाबून त्यात पडलेला खड्डा बघत होती.

त्या दिवसापासून दर शनिवारी मी वसतिगृहाच्या नळाचं पाणी दोन कॅनमध्ये भरून एस.टी.नं गावी न्यायची. कंडक्टर ठरलेले असत. एक जण दर वेळी तेच बोले, "काय वं बाई, अख्खी अमरावती कोरडी करतं का?" दुसरा कॅन पायानं सरकवून बघायचा आणि म्हणायचा, "याचं बी तिकीट काढ." स्टँडवरून घरापर्यंत कॅनच्या कड्या बोटांत रुतायच्या. मी आईला बजावून सांगायची: हे फक्त तुझं. बाबांचं नाही, माझं नाही, पाहुण्यांचं तर मुळीच नाही. ती मान डोलवायची.

त्याच सुमाराला आमच्या वनस्पतीशास्त्राच्या सरांनी वर्गात तिवर शिकवलं. पुस्तकात परदेशातल्या काळ्या खारफुटीचं चित्र होतं. सर म्हणाले, आपल्या कोकणातलं तिवर हा तिचाच जवळचा भाऊ. चिखलात उभं असलेलं झाड, आणि त्याच्याभोवती जमिनीतून वर आलेल्या शेकडो मुळ्या, शिसपेन्सिली रोवून ठेवाव्यात तशा. त्या चिखलात हवा नसते, म्हणून मुळं वर येऊन श्वास घेतात. याचं बी झाडावर असतानाच सालीच्या आत रुजायला लागतं आणि मग खाली पडतं, म्हणजे पाण्यात पडलं तरी त्याचा जन्म आधीच झालेला असतो. आणि मीठ? बहुतेक मीठ मुळंच बाहेर अडवतात. जे आत शिरतं ते पानांवरच्या बारीक ग्रंथी बाहेर टाकतात. उन्हात पानावर मिठाचे कण चमकतात, जीभ लावली तर खारट लागतं. मीठ त्याला फारसं लागत नाही, सर म्हणाले, गोड्या पाण्यातही ते जगू शकतं. पण जिथे दुसरं कोणी टिकत नाही तिथे ते टिकतं, म्हणून तिथे राहतं. मी पहिल्यांदाच वर्गात हात वर केला. विचारलं, "सर, आमच्या खारपाणात लागेल का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "लावून बघ. मला माहीत नाही."

वर्ग कोकणात सहलीला गेला तेव्हा मी आईसोबत दवाखान्यात होते. सरांनी परत येताना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिवराची फळं माझ्यासाठी आणली, चपटी, हिरवट, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. साल काढली की आत दुमडलेली दोन जाड पानं तयार. तिसऱ्या वर्षाचा माझा प्रकल्प ठरला. काही रोपं कॉलेजात नळाच्या पाण्यावर, काही आमच्या अंगणात हातपंपाच्या खाऱ्या पाण्यावर. "हे नीट झालं तर एम.एस्सी.ला तुला माझ्या हाताखाली घेतो," सर म्हणाले. मी हे घरी सांगितलं. सांगायला नको होतं, असं आता वाटतं. पण आनंद झाला की माणूस घरीच सांगतो ना.

बाबांनी रंगाच्या रिकाम्या बादल्या आणल्या. त्यात शेतातली काळी माती भरली आणि रोपं लावली. शेवंतामावशी कुंपणावरून बघत होत्या. "पोट्टीनं बादलीत समुद्र आनला वं! आता खेकडे कधी सोडतं?" आई म्हणाली, "हसू नका बाई, ते झाड लय लांबून आलं हाय." आठवडाभर मी वसतिगृहात असणार म्हणून पाणी घालायचं काम आईकडे. मी तिला दाखवून दिलं: हातपंपाचं पाणी, इतकं, संध्याकाळी. दर शनिवारी मी पानं मोजायची, उंची घ्यायची आणि मग एक पान चाटून बघायची. पहिल्या काही आठवड्यांत जीभ चुरचुरली. खारट. मला इतका आनंद झाला की मी ते पान आईपुढे धरलं. ती म्हणाली, "ठेव बाजूले, उष्टं झालं."

हिवाळ्यात रोपं जोरात वाढली. कॉलेजातल्या रोपांच्या बरोबरीनं, एक-दोन तर जास्तच. पानं जाड, वरून चकचकीत, खालून पांढुरकी. सर आकडे बघून खूश झाले. मी पान चाटायचं सोडलं होतं, कारण आता त्याची गरज वाटत नव्हती. आईचे पाय मात्र उतरत नव्हते. मी विचारायची, पाणी पितेस ना? ती म्हणायची, "पेऊनच राहिली ना." कॅन दर शनिवारी रिकामे असत. मी त्यावरून समजत होते की ती पीत आहे.

उन्हं तापायला लागली तेव्हा सर स्वतः रोपं बघायला गावात आले. आमच्या घरी कॉलेजचे सर येणं ही केवढी गोष्ट होती ते आज सांगून पटणार नाही. बाबांनी कामाचा खाडा केला. आईनं सकाळपासून भिंतीचा खार झाडून काढला, वरण केलं, ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, आणि सरांना लहान माठातून पाणी दिलं. सर जेवले, चहा घेतला, चांगला झालाय म्हणाले. मग अंगणात आले. वाकून बादल्या बघितल्या, माती बोटात चुरली. मग एक पान खुडलं आणि जिभेला लावलं.

त्यांनी दुसरं पान खुडलं. तेही लावलं. मग दुसऱ्या बादलीतलं.

"हे गोडं आहे," ते मला म्हणाले. "यावर मीठच नाही."

मी चाटून बघितलं. पानाची हिरवी, तुरट चव. बाकी काही नाही. सरांनी आईकडे बघितलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "ताई, याला कोणतं पाणी घालता हो?"

आई खुलली. तिला वाटलं, झाड चांगलं वाढलं म्हणून विचारताहेत. पदर सारखा करत म्हणाली, "चांगलंच घालतो ना सर. पोरगी अमरावतीहून आनते, तेच. पाव्हनं झाड हाय, त्याले काय खारं पाजाव?"

बाबा उगाच एक बादली सरकवून पुन्हा होती तिथे ठेवत होते. मग सर मला म्हणाले, "म्हणजे इतके महिने गेले. दोन्हीकडे गोडंच पाणी." त्यांना प्रयोग दिसत होता. ते साहजिक होतं, त्यांचं कामच ते होतं, मी त्यांना दोष देत नाही. मला कॅन दिसत होते. जितकं पाणी या बादल्यांत गेलं तितकं आईच्या पोटात गेलं नव्हतं. आणि उरलेलं पाहुण्यांना. मग तिनं काय प्यायलं?

सरांना एस.टी.त बसवून आल्यावर मी आईपुढे उभी राहिले. "कधीपासून देऊन राहिली वं आई?"

"वरडू नको. लोकं आयकते."

"ते पानी तुयं होतं! डॉक्टरनं तुले सांगितलं होतं, झाडाले नाई!"

"तूच म्हनली होती ना, झाडं जगले त पुढचं शिक्षन," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मंग मरू देऊ का? ह्या आंगनात म्या वांगे लावले, भेंडी लावली, तुया आंधी एक लिंबू लावला. ह्या पान्यावर एक बी नाई जगलं. अन् तू मले सांगतं, हे झाड खारं पेते."

"हे येगळं झाड हाय. समुद्रात होते हे."

"समुद्र म्या पाह्यला नाई," आई म्हणाली. "तू बी पाह्यला नाई."

मी पुस्तकावर विश्वास ठेवला होता, तिनं अंगणात वाळलेल्या लिंबावर. "अन् तू काय पेली इतके दिवस?" मी विचारलं.

"मी त खारं पेऊनच मोठी झाली. मले सवय हाय. त्याले कुठी सवय?"

मी आज अकोल्याला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी क्षारसहनशील वनस्पतींचा भाग येतो आणि दरवर्षी मुलं 'सहनशील' हा शब्द कौतुकानं पाठ करतात. मी त्यांना सांगते, तिवर मीठ सोसत नाही. त्याच्याकडे मीठ बाहेर टाकायची यंत्रणा आहे. ज्याच्याकडे ती नसते ते फक्त आजारी पडायला वेळ घेतं. मुलं लिहून घेतात. आईच्या मैतीला आलेल्या बायांनी हाच शब्द वापरला होता. बाईनं लय सोसलं, लय सोसलं, असं एकीनंतर दुसरी म्हणत होती. मला त्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं होतं. काढलं नाही. त्यांना चहा दिला.

पण ते पुढचं. त्या दिवसानंतर मी महिनाभर वसतिगृहावर गेले नाही, घरून जाणं-येणं केलं, येताना कॅन भरून आणायची. सरांनी मुदत वाढवून दिली. रोज संध्याकाळी आईसमोर मी हातपंपाचं पाणी बादल्यांत ओतायची आणि आईला पेल्यानं गोडं पाणी प्यायला लावायची, समोर बसून. पहिले काही दिवस ती रोपांकडे अशी बघायची, की मी कोणाचा तरी जीव घेते आहे. दोन रोपांची खालची पानं पिवळी पडून गळली. गळलेली पानं तिनं उचलून उंबऱ्यावर ठेवली, मला दिसावीत म्हणून. मग एका सकाळी उन्हात पानांवर बारीक पांढरे कण दिसले. मी तिला हाताला धरून आणलं. चाट, म्हटलं. तिनं जीभ लावली, तोंड वाकडं केलं आणि बराच वेळ त्या झाडाकडे बघत राहिली.

"खारट हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "म्हंजे तू खरं बोलून राहिली होती."

तेव्हा तिनं माझं ऐकलं. गोडं पाणी ती नंतर न चुकता प्यायली, लहान माठ शेवटी तिचा झाला. पण पाय उतरले नाहीत. ती आधीच ऐकती तर किती फरक पडला असता, हे मी पुढे दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनीही सांगितलं, काही सांगता येत नाही. मला वाटतं, ते माझ्यावर दया करत होते.

अहवाल मी उरलेल्या थोड्या आठवड्यांच्या नोंदींवर लिहिला. आधीच्या महिन्यांचं काय करायचं ते मला कळेना. ते वगळावेत तर का वगळले ते सांगावं लागणार. सरांनी एक वाक्य सुचवलं आणि मी ते तसंच उतरवलं: पाणी देताना झालेल्या मानवी चुकीमुळे सुरुवातीच्या काळातील निरीक्षणे ग्राह्य धरलेली नाहीत. शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

निकाल लागला तोवर आई अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसवर होती. एम.एस्सी.ला नाव लागलं होतं. मी अहवाल घेऊन गेले, तिला दाखवायला. तिच्या हाताला सुई लावलेली होती आणि नळीतून रक्त यंत्रात जाऊन परत येत होतं. तिनं दुसऱ्या हातानं पानं उलटली. रोपांचे फोटो बघितले. बादल्या ओळखल्या.

"यात मायं हाय का काही?" तिनं विचारलं.

मी ते वाक्य काढून तिला वाचून दाखवलं. मला दुसरं काही वाचता आलं असतं, पण तिनं विचारलं होतं.

"चुकलं म्हनून लिहिलं," ती म्हणाली.

"हो."

"मंग मार्क कमी भेटले असन तुले."

"नाई. चांगले भेटले." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, प्रामाणिक विद्यार्थिनी. आईनं बोट ठेवून तेही वाचायला लावलं. मी वाचलं.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. अहवाल माझ्या हातात दिला आणि नर्सकडे वळून पाणी मागितलं. नर्सनं नाही म्हणून मान हलवली. कापूस ओला करून तो तिच्या ओठांवरून फिरवला आणि मला म्हणाली, "यांचं आजचं मोजून द्यायचं पाणी झालं. आता उद्या." आईनं ओठांवरची ओल जिभेनं टिपली आणि डोळे मिटून घेतले.